अंधेरी ते मुलुंड, व्हाया सावंतकाका

बेत साधाच होता. आमचा चार जणांचा ग्रुप आहे. महिन्यातल्या एखाद्या शनिवारी उपनगरांत कुठे नवीन क्राफ्ट बिअर आली असेल तिथे जायचं, थोडी थोडी चाखायची, दहापैकी मार्क द्यायचे, आणि मग मी ते इथे ब्लॉगवर टाकायचं. ग्लेन मरोळ गावठाणातला. निखिल कांजूरचा, कॉम्प्युटरवर काहीतरी करतो, काय ते मला तीनदा समजावून झालंय. सायली मुलुंडची, आणि आमच्यातलं सगळ्यात तिखट नाक तिचं. चौथा मी, ओंकार, बोरिवलीचा. सगळे ओम्या म्हणतात. कॉलेज अर्धवट, फिरणं पूर्णवेळ.

यावेळी अंधेरीत चिंचेची बिअर आली होती आणि मुलुंडला नवी लागर, म्हणजे साधी, सोनेरी बिअर. दोन्ही एकाच दिवसात उरकायच्या. पण गुरुवारी सायलीचा ग्रुपवर मेसेज आला: ‘बाबा येतायत.’

याचा अर्थ सांगतो. निखिल आणि सायलीला लग्न करायचंय. तिची आई राजी आहे. बाबा, म्हणजे सावंतकाका, यांना मुलगा बघायचा होता. निखिलच्या घरच्यांनी रीतसर पोह्यांचं बोलावणं पाठवलं, तर काका म्हणाले, “पोहे खाताना सगळेच गुणी असतात. हा शनिवारी मित्रांसोबत बिअर प्यायला जातो म्हणतेस ना? तिथेच बघतो. तूही चल, ओळख करून द्यायला.”

आता खरी गंमत अशी, की सायली बिअर पिते हे काकांना ठाऊक नव्हतं. घरच्या हिशेबाने शनिवारी तिचा योगा क्लास असतो. म्हणून तिचा दुसरा मेसेज: ‘ग्लेन, ओम्या, तुम्ही मला पहिल्यांदा भेटताय. मी लिंबूसोडा पिणार. निखिल, शहाण्यासारखा वाग. ओम्या, तू बोलूच नकोस.’

काका आम्हाला घाटकोपरला भेटणार होते. अंधेरी आमची आम्ही.

शनिवारी सकाळी बोरिवलीहून मेट्रोने अंधेरी पश्चिमेला उतरलो. (गाडी आणू नका, बाइक तर नकोच. प्यायची आहे, मेट्रो आहे, विषय संपला.) भेटायचं होतं दुपारी, मी पोचलो सकाळी. मग वाटलं, वर्सोव्याची जेट्टी जवळच आहे, मढला एक चक्कर मारून येऊ. बोट पलीकडे पाच मिनिटांत नेते, तिकिटाला सुटे पैसे ठेवा. मढला एका बंगल्यात कुठल्याशा मालिकेचं शूटिंग चाललेलं. नवरी शालू नेसून गाडीच्या बॉनेटवर बसून केळं खात होती. मी विचारलं, “ताई, लग्न किती वाजता?” ती म्हणाली, “चौथ्यांदा लागतंय, कधी उरकेल देवाला माहीत.” तिथून पुढे वाळूवर काठ्यांना बोंबील वाळत घातलेले. एक मावशी विकत बसल्या होत्या. मला कोणी काही विकत असेल तर पुढे जाताच येत नाही. घेतले. बॅगेत टाकले.

अंधेरीत उशिरा पोचलो. लिंक रोडच्या मागे एका जुन्या गाळ्यात ही जागा आहे. उंच छत, काचेमागे स्टीलच्या टाक्या, एसी इतका की स्वेटर लागेल. ग्लेन आणि निखिल आधीच आले होते. मी टेबलाशी बसलो आणि ग्लेनने मान वर केली.

“काय रं, मासळी बाजार घेऊन आलास?”

“सुके बोंबील आहेत. ताजे सुके.”

“अरे वेड्या, आपण इथे वास घ्यायला बसतो ना? बॅग बाहेर ठेव.”

बॅग बाहेर वॉचमनच्या खुर्चीखाली गेली. वॉचमन खुर्ची सरकवून उन्हात बसला.

इथे सहा छोट्या ग्लासांचा ट्रे मिळतो, सॅम्पलर म्हणतात. दोघांत एक घ्या. प्रत्येकी एक घेतलात तर तिसऱ्या ग्लासानंतर सगळ्याच बिअर छान लागतात आणि रिव्ह्यूची वाट लागते. नवख्यांसाठी आमची पद्धत सांगतो: ग्लासवर तळहात झाकायचा, टेबलावरच ग्लास गोल फिरवायचा, हात काढला की लगेच नाक घालायचं, आणि मगच घोट. ही सायलीने आम्हाला शिकवली. बाहेरचे लोक बघतात, बघू द्या.

चिंचेची बिअर: पहिला घोट थेट पाणीपुरीचा. ग्लेन म्हणाला, “आता एक सुकी पुरी दे म्हणावं.” पण दुसऱ्या घोटाला मागून गुळाचा गोडवा येतो आणि तोंड साफ होतं. ग्लेन सात, मी आठ. कॉफी घातलेली काळी स्टाउट: बरी, पण कॉफी कालची. पाच. निखिलला मार्क विचारले तर तो टिश्यूने टेबल पुसत होता. टेबल आधीच स्वच्छ होतं.

“काका कडक आहेत?” त्याने विचारलं.

“तुझं लग्न आहे, तू सांग,” ग्लेन म्हणाला.

“सायली म्हणते, त्यांचं ऐकून घेतलं की खूश असतात. त्यांना जे आवडेल ते मला आवडलं. बस.”

हा तोच निखिल बरं का, ज्याने एकदा पबच्या मालकाला तोंडावर सांगितलं होतं की तुमची आंबा बिअर फिनाइलसारखी लागते. आम्ही तिथे परत गेलेलो नाही. जाऊ शकत नाही.

बॅग उचलून अंधेरीहून मेट्रोने घाटकोपर. स्टेशनच्या जिन्याशी काका उभे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि बाजूला सायली, डोळे जमिनीवर. काका मूळचे कणकवलीकडचे. वडील गिरणीत होते, स्वतः भांडुपच्या कारखान्यातून निवृत्त झाले. शांत असले की आपल्यासारखं बोलतात, पारा चढला की मालवणीवर येतात. हे सायलीने आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

“ही माझी मुलगी, सायली.”

“नमस्कार,” ग्लेन म्हणाला.

“नमस्कार,” सायली म्हणाली. दोन वर्षं एकमेकांच्या ताटातलं खाणारी माणसं. मला हसू फुटत होतं, मी खोकलो.

काकांनी एकदम नाक वर केलं. “बोंबील कोणाकडे आहेत?”

मी हात वर केला. काकांनी बॅग उघडायला लावली, एक बोंबील वाकवून बघितला आणि म्हणाले, “मढचे? बरे आहेत. अजून एक ऊन द्या.” त्या दिवशी काकांच्या मर्जीतून उतरलो नाही असा मी एकटाच, आणि ते बोंबलांमुळे.

पोटात आधार हवा म्हणून खाऊगल्लीत गेलो. गल्ली खरी रंगते संध्याकाळी, पण चारच्या सुमाराला पहिले तवे तापतात आणि गर्दी नसते, तेव्हाच जा. काकांनी चीज, मेयो, शेजवान घातलेला डोसा बघितला आणि मालकाला विचारलं, “ह्याच्यात डोसा कुठे आहे?” मग साधा मागवला. निखिलनेही साधा मागवला. काकांनी चटणी परत केली. निखिलने न चाखता चटणी परत केली. सायलीने टेबलाखालून कोणाला तरी लाथ मारली. ती मला लागली.

घाटकोपरहून मुलुंड रिक्षाने. एलबीएस रोडवर मेट्रोची खोदकामं, गाडी मुंगीच्या पावलाने जाते, वेळ हाताशी ठेवा. पहिल्या रिक्षात काका, निखिल आणि मी. काका मधे.

“पगार विचारत नाही,” काका म्हणाले. “तो कोणीही सांगतो. राग कशाचा येतो?”

“मला राग येत नाही, काका.”

“कधीच?”

“नाही.”

काका माझ्याकडे वळले. “खरं?”

मला बोलायची बंदी होती. मी बाहेर बघत म्हणालो, “भांडुप आलं.” आलं नव्हतं.

मुलुंडची जागा एका मॉलच्या गच्चीवर आहे. मागे डोंगर, हवा मोकळी, बसायला लाकडी बाकं. शनिवारी सहाच्या आत पोचलात तर कठड्याजवळचं टेबल मिळतं आणि भावही थोडा उतरलेला असतो. आम्ही नवी लागर मागवली, सायलीने लिंबूसोडा. काका शनिवारी घरी स्ट्राँग बिअरची एक बाटली घेतात, बर्फ घालून. इथेही म्हणाले, “बर्फ द्या.” ग्लेनने डोळे मिटले आणि मनात बहुतेक एक प्रार्थना म्हटली.

मी वास घेतला. लोणी. सिनेमाच्या पॉपकॉर्नवर ओततात तसं. लागरमध्ये हा वास आला की समजायचं, बनवताना घाई झालीय. ग्लेनने घोट घेतला आणि ग्लास हळूच लांब ठेवला. काकांनी मोठा घोट घेतला, मिशी पुसली.

“वा! ही खरी. घट्ट आहे. नाहीतर बाटलीतली म्हणजे नुसतं पाणी. तुम्ही मार्क देता ना? मी नऊ देतो. निखिल?”

निखिलच्या तोंडात एक घोट होता. मी त्याच्या गळ्याकडे बघत होतो, तो खाली जात नव्हता. मग गेला.

“नऊ, काका. मीही नऊच. अप्रतिम.”

काका खूश. बाकावर ऐसपैस बसले. कारखान्याच्या गोष्टी सुरू झाल्या, निखिल मान डोलावतोय, सगळं झकास चाललेलं. तेवढ्यात लिंबूसोडा आला. सायली काकांचं ऐकत होती, लक्ष तिकडे, आणि हात आपले कामाला लागले. ग्लासवर तळहात. ग्लास टेबलावर गोल गोल. हात काढला, नाक आत, मग घोट, डोळे आभाळाकडे.

आणि मी. तोंड बंद ठेवायला सांगितलेला मी. सवयीने मोबाइल काढला आणि विचारलं, “किती?”

“सहा,” ती म्हणाली. “साखर जास्त आहे.”

काका बोलायचे थांबले.

मला कळलं, तिलाही कळलं. तिच्या हातातला ग्लास कलला होता, सोडा फसफसत ओढणीवर गळत होता, तो कोणी पुसला नाही. काकांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्या मोबाइलकडे, जिथे मी ‘लिंबूसोडा ६’ लिहून ठेवलं होतं.

“योगा,” काका म्हणाले.

“बाबा...”

काकांनी स्वतःचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. “ह्येका किती?”

मालवणी. आम्ही सगळे आत कुठेतरी उठून उभे राहिलो. सायलीने त्यांच्याकडे बघितलं. ‘नाही, मी पीत नाही’ म्हणायला अजून जागा होती, थोडी का होईना. तिने बर्फ चमच्याने बाजूला केला, वास घेतला आणि बापासमोर एक घोट घेतला.

“दोन.”

“दोन? दहातले?”

“बाबा, लोण्याचा वास येतोय. असा यायला नको. बिघडलीय ही.”

“माका बरी लागता!”

“तुम्हाला लागू दे. दोनच.”

काका हळूच निखिलकडे वळले. “आणि तुका? नऊ?”

निखिलचा चेहरा बघवत नव्हता. “मलाही... वास आला होता, काका.”

“मगे खोटां कित्याक बोललंस?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

काकांनी एकदा मुलीकडे बघितलं, एकदा निखिलकडे. “ह्यां चेडू लपवता, तू खोटां बोलतंस. जोडो बरो आसा!”

ग्लेन हसला. हसायचं नव्हतं. काका उठले, आपली बिअर उभ्याउभ्या संपवली, कारण त्यांना ती खरंच आवडली होती, आणि चालत घरी निघाले. सायली मागोमाग. निखिलच्या पुढ्यात तिचा सोडा राहिला. त्याने तो प्यायला आणि म्हणाला, “साखर खरंच जास्त आहे.”

मी बसने बोरिवलीला आलो. बोंबील आईला दिले. रिव्ह्यू लिहायला बसलो आणि काही सुचेना. दोन माणसांचं लग्न माझ्या एका ‘किती?’ने मोडलं तर त्याला मार्क कोणी द्यायचे?

आठवडाभर काकांनी सायलीशी अबोला धरला. पिण्यावरून कमी, योगावरून जास्त. मुलगी योगा करते असं शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं त्यांनी. मग रविवारी निखिलला जेवायला बोलावणं. रविवारी काका स्वतः मासे करतात. तिरफळं ठेचून घातलेली सुरमईची आमटी वाढली आणि समोर बसले.

“किती?”

निखिलने सावकाश जेवून सांगितलं, “सात.”

“तीन कसले कापलेस?”

“तिरफळं जास्त झाली, काका.”

स्वयंपाकघरातून सायलीची आई हसली, ती बराच वेळ थांबेना. काकांनी ताट पुढे ओढलं, एक घास खाल्ला, अजून एक खाल्ला. “काय जास्त नाय हत,” ते म्हणाले. “पुढच्या रविवारी आईबाबांना घेऊन ये. त्यांना विचारू.”

आता निखिलची आई घरी सगळ्यांना तिरफळं चाखायला लावतेय, म्हणजे ऐनवेळी मत चुकायला नको.

तर मंडळी, तुम्ही हाच रस्ता धरलात तर अंधेरीत चिंचेची जरूर घ्या, घाटकोपरला साधा डोसा खा, मुलुंडला हवा छान आहे. तिथल्या लागरचे मार्क मात्र मी सायलीला विचारल्याशिवाय टाकणार नव्हतो. आजवर तिचे सगळे रिव्ह्यू मी माझ्याच नावावर खपवलेत. काल फोन करून विचारलं, “या वेळी तुझं नाव घालू का?”

“घाल,” ती म्हणाली. “आडनावासकट घाल. बाबा वाचतात आता.”

“मग मार्क जरा वाढवू?”

“दोनच लिही.”

मुलुंडची लागर: दहापैकी दोन. सायली सावंत.