टेबल विसरायचं होतं

माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, बेळगावहून बंगळूरला आला तो यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात मिलिंगच्या कामासाठी. मागून मीही आले आणि मल्लेश्वरमच्या शाळेत गणित शिकवू लागले. घरात आम्ही दोघंच.

साठचं दशक संपत आलं तेव्हा त्याचा उजवा हात थरथरायला लागला. मिलिंग मशीनवर कटर एका जागी गरगर फिरतो आणि त्याच्याखालचं टेबल, त्यावर बांधलेल्या जॉबसकट, म्हणजे कापायच्या लोखंडी तुकड्यासकट, हँडलनं सरकवायचं असतं, अगदी केसाएवढं. त्या हाताला ते जमेना. फोरमननं आधी त्याला जाडंभरडं काम दिलं, मग टूल स्टोअरमध्ये बसवायची भाषा सुरू केली.

त्याच सुमारास परदेशातून एक नवं मशीन आलं. कागदी पट्टीवर भोकं पाडून आकडे भरायचे. पट्टी वाचत मशीन टेबल आपोआप सरकवणार. हाताचं कामच नाही. अण्णा फोरमनच्या मागे लागला. फोरमन म्हणाला, "सरी, चालेल. एक जॉब करून दाखवा. जमला तर हे मशीन, नाही तर स्टोअर."

मशीनचं पुस्तक इंग्रजीत होतं. संध्याकाळी मी ते वाचून त्याला समजावत असे.

"काय मास्तरीणबाई, आज छडी कुठाय?"

"आधी उत्तर दे, मग छडी."

जॉबचा एक कोपरा शून्य धरायचा, उजवीकडे अधिक, डावीकडे उणे. एवढं त्याला लगेच कळलं. अडलं पुढे. पुस्तक सांगत होतं, टेबल विसरा. जॉब स्थिर आहे आणि कटरच त्याच्यावरून चालतो आहे असं धरून आकडे लिहा. मी पाटावर आलेखाचा कागद ठेवला आणि पेन्सिलीनं उजवीकडे रेघ ओढली. अण्णानं माझा हात धरून पेन्सिल जागच्या जागी थांबवली आणि पाट डावीकडे ओढला. रेघ उजवीकडेच उमटली.

"हे बघ की. पेन्सिल कुठं चालली?"

"चालली असं लिहायचं."

"म्हणजे खोटं लिहायचं?"

"खोटंच समज."

"बरं बाई. पोरांना हेच शिकवतेस होय?"

तो हसला. कागदावर मग त्यानं एकही चूक केली नाही. मला वाटलं, होईल.

जॉबच्या दिवशी आकडे त्याला मशीनशेजारी उभं राहून लिहायला लावले. समोर टेबल होतं. जॉबमधली खाच उजवीकडे कापत जायची, म्हणजे टेबल डावीकडे. त्यानं अधिकच्या जागी उणे लिहिलं. कटर वर उचलून पट्टी आधी रिकामी चालवून बघतात. त्यानं ते नको म्हटलं. मनातल्या मनात टेबल ओढून त्यानं सगळे आकडे तपासले होते आणि ते जुळत होते. पट्टी सुरू झाली, टेबल उलटं धावलं, कटर जॉब पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पवर आदळून तुटला. अण्णानं हँडल धरायला हात पुढे केला. तिथं हँडल नव्हतं.

फोरमन रागावला नाही. "स्वल्प दिवस स्टोअरमध्ये बसा," एवढंच म्हणाला.

"घरी जमत होतं गं," अण्णा मला म्हणाला. "तिथं उभा राहिलो आणि टेबलच दिसायला लागलं."

"पुन्हा विचार ना."

"कुणाला? हाताला? तो अजून टेबलच ओढतोय."

मी पुन्हा तो विषय काढला नाही. ते थोडे दिवस कधी संपले नाहीत. स्टोअरच्या खिडकीतून तो इतरांना कटर देई, परत आलेले पुसून, तेल लावून ठेवी. नव्या मशीनवर दुसरे आले. त्यांचे कटरही त्याच खिडकीतून जात. घरी तो त्याबद्दल बोलेनासा झाला, आणि हळूहळू इतर गोष्टींबद्दलही.

तो गेला तेव्हा कारखान्यातली काही मंडळी भेटायला आली. बहुतेक नवी होती. त्यांच्यातल्या एकानं, बोलायला काहीतरी हवं म्हणून, चांगुलपणानंच विचारलं, "अक्का, ते पहिल्यापासून स्टोअरमध्येच होते ना?"

मी हो म्हटलं.