विमानाच्या पायरीवर पाय

विमान थांबवता येत नाही, हे मला चाळिशीनंतर कळलं.

त्याआधीचा माझा सगळा अनुभव एसटीचा. साकोलीच्या स्टँडवर घरातलं कुणी मागे राहिलं, की आमच्यातला एकजण गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून कंडक्टरला सांगतो, "येऊन राहिले, येऊन राहिले." पाय आहे तोवर गाडी हलत नाही. (कंडक्टर बोलतो बरंच काही, पण गाडी हलत नाही.)

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास बंगलोरच्या माझ्या ताईच्या मुलीचं लग्न घाईत ठरलं. मुहूर्त गोरज, रेल्वेनं वेळेत पोहोचणं अशक्य आणि मी एकुलता एक मामा! मामा पाठीशी उभा नसताना भाचीच्या डोक्यावर अक्षता पडू द्यायच्या नाहीत, असा मी चंगच बांधला. नागपूर-मुंबईची तिकिटं मी काढली. मुंबई-बंगलोरची भाऊजींनी काढून पोस्टानं पाठवली.

नागपूरला काउंटरवरचे साहेब म्हणाले, "तिकिटं वेगवेगळी आहेत. मुंबईला सामान उतरवून घ्या आणि पुन्हा जमा करा. मधे वेळ कमी आहे."

"सवय आहे साहेब. नाकाडोंगरीले जातो तं दोनदा गाडी बदलतो."

सामान म्हणजे आमच्या धानाच्या बांधीतल्या नव्या तांदळाची चुंगडी, लहानसं पोतंच. अक्षता त्याच तांदळाच्या करायच्या होत्या.

"बंगलोरले तांदूळ भेटत नाही काय?" बायकोनं, सुमननं, विचारलं.

"भेटते. पण मामाचा भेटत नाही."

पहिलं विमानच उशिरा पोहोचलं. मुंबईत सगळ्यांच्या बॅगा आल्या, चुंगडी येईना. सुमन म्हणाली, "राहू द्या ना तांदूळ." पण माघार घेईन तर मी कसला मामा?

"तू समोर जा. विमानाच्या पायरीवर पाय ठेव. मी आलोच."

"अन् निघालं तं?"

"पाय काढशील तं निघन ना!"

ती गेली. बऱ्याच वेळानं चुंगडी आली, तीही कोपऱ्यात फाटकी. भोकावर खांद्यावरचा दुपट्टा दाबून मी तांदूळ सांडत धावलो.

"दार बंद झालं," काउंटरवरची बाई म्हणाली.

"कसं होईल? आमची बाई पायरीवर उभी आहे."

तिनं नुसतं काचेबाहेर बोट दाखवलं. विमान निघालं होतं.

"आमचं पहिलं विमान उशिरा आलं ना, ताई."

"तिकिटं वेगळी आहेत, काका. तुमचं पहिलं विमान आम्हाला माहीतच नाही."

शेवटी तिनंच दुपारच्या विमानात जागा शोधून दिली. चुंगडी पुन्हा जमा करून मी खिळल्यासारखा बसून राहिलो.

सुमननं काय केलं, ते मला नंतर कळलं. तिनं पायरीवर पाय ठेवलाच होता. हवाई सुंदरीनं विनवण्या केल्या, तरी हिचं एकच, "आमचे हे येऊन राहिले." अखेर पायलट आला आणि गोड आवाजात म्हणाला, "बाई, आधी बसा तर खरं, मग बघू." हे तिला रास्त वाटलं. ती बसली आणि दार बंद झालं.

मी मांडवात धडकलो तेव्हा मुहूर्त टळून गेला होता. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात अवघडले होते, पाहुणे भुकेनं कावले होते, आणि बोहल्याच्या पायरीवर एक पाय ठेवून सुमन गुरुजींना सांगत होती, "येऊन राहिले."

"बाई, बसून घ्या," गुरुजी काकुळतीनं म्हणाले.

"सकाळी बसली होती मी. आता नाही बसत."

मी धावत जाऊन भाचीच्या पाठीशी उभा राहिलो. तिनं वळून पाहिलं. तिचे डोळे भरून आले, माझेही. सुमननं तेव्हा कुठे पाय काढला आणि माझ्या रिकाम्या हातांकडे बघत हळूच विचारलं, "चुंगडी?"

मांडव गाठायच्या घाईत ती मी बंगलोरच्या विमानतळावरच विसरलो होतो. मंगलाष्टकं संपली आणि भाचीच्या आणि मामाच्या डोक्यावर अक्षता पडल्या, त्या बंगलोरच्या दुकानातल्या.