मेथी जळाली ती माझ्यामुळे, रत्नाताईंमुळे नाही

रत्नाताईंनी माझी चूक स्वतःच्या नावावर घेतली, आणि मी ती घेऊ दिली.

आज पहाटे ताई गेल्या.

त्या श्रीरामपूरच्या एका कॉलेजात लायब्ररीत होत्या. नव्व्याण्णव साली त्या लायब्ररीत इंटरनेट आलं. पुण्याच्या एका संस्थेला पाणी-माती वाचवायची माहिती ईमेलवरून गावोगाव पोचवायची होती. त्यासाठी गावातली पोरंपोरी तयार करायचं काम ताईंनी अंगावर घेतलं. पगार नाही, काही नाही. दर रविवारी सकाळी क्लास.

मी सोनईची. बीए होऊन घरी बसलेली. एसटीनं यायचे.

पहिल्या रविवारी ताईंनी कॉम्प्युटर चालूच केला नाही.

"तुमच्या गावात पाणी कोण वाचवतं? खत कोण घरी करतं? आधी जा, डोळ्यांनी बघून या. टायपिंग काय, दोन दिवसांत येईल."

आम्ही चिडलो होतो. माउस धरायला आलो होतो ना!

मग हळूहळू जमलं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत टाईप करायचं. ताई प्रत्येक मेल वाचायच्या, मगच पाठवायच्या. दुसऱ्या तालुक्यातली आमच्यासारखीच मुलं त्याची प्रिंट काढून गावच्या दूध डेअरीत चिकटवायची. आमची 'ऑनलाईन मोहीम' म्हणजे एवढीच. पण सोनईतली गोष्ट संगमनेरकडच्या गावात लोक उभं राहून वाचतात, याचं आम्हाला केवढं अप्रूप होतं.

एका रविवारी मी गोमूत्राच्या फवारणीवर लिहिलं.

स्वतः बघितलं नव्हतं. चुलत्यांनी सांगितलं ते ऐकून लिहिलं. ताई कॉलेजच्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेल्या होत्या आणि माझी एसटी सुटायला आली होती. पासवर्ड माहीत होता. मी मेल पाठवून टाकला.

त्यात 'दहापट पाणी घाला' हे वाक्य लिहायचं राहून गेलं.

दोन आठवड्यांनी संगमनेरहून फोन आला. कौसाबाई नावाच्या बाईंनी डेअरीतला कागद मुलीकडून वाचून घेऊन मेथीवर नुसतं गोमूत्र फवारलं होतं. सगळे वाफे करपले.

ताई म्हणाल्या, "चल."

एवढंच. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कौसाबाई बांधावर बसल्या होत्या. पन्नाशीच्या, एकट्या शेती करणाऱ्या. पिवळी पडलेली मेथी समोर.

"कागदावर पान्याचं काईच नव्हतं, बाई. मी पोरीकडून दोनदा वाचून घेतलं."



ताई म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी न वाचता पाठवलं."

कौसाबाईंनी एक करपलेलं रोप उपटून बांधावर टाकलं. मग म्हणाल्या, "तुमी आलात हे बरं केलं. पन आता हेबी कळवा समद्यांना. न्हाईतर आजून कोनतरी फवारील."

ताईंनी पिशवीतून मेथीचं बी काढलं. येताना बाजारातून घेतलं होतं. आम्ही तिघींनी करपलेली मेथी उपटली, वाफे पुन्हा खुरपले, बी टाकलं. दुपार झाली. त्यांनी आम्हाला भाकरी खायला घातली.

परतीच्या एसटीत मी रडले.

"ताई, मेल मी पाठवला होता."

"माहितीये."

"मग तुम्ही असं का सांगितलं?"

"तुझं नाव आलं असतं, तर तुझ्या वडिलांनी पुढच्या रविवारी पाठवलं असतं का तुला?"

नसतं पाठवलं. हे त्यांनाही माहीत होतं, मलाही.

त्याच आठवड्यात ताईंनी सगळ्या गावांना मेल केला. काय चुकलं, कुठे जळालं, किती पाणी घालायचं. खाली स्वतःचं नाव.

पुढे संस्थेची मीटिंग झाली. ताईंना विचारलं गेलं. त्या तेच म्हणाल्या. मी त्याच खोलीत तिसऱ्या खुर्चीवर होते. तोंड उघडलं नाही.

ताईंना कामावरून बाजूला केलं.

त्यांच्या जागी मला घेतलं.

मी गेले.

पुढं माझं आयुष्य त्याच कामात गेलं. किती मुलामुलींना शिकवलं. प्रत्येक बॅचला ही मेथीची गोष्ट सांगितली. 'आमच्या एका मॅडमकडून अशी चूक झाली होती.' तुमच्यातल्या अनेकांनी ती माझ्या तोंडून ऐकलीय.

ती मॅडम मी होते.

ताई मला कधी टोचून बोलल्या नाहीत. दिवाळीला फोन असायचाच. "काय गं, नवीन पोरं कशी आहेत?" असं विचारायच्या. लायब्ररीतून रिटायर झाल्या, तरी तेवढंच विचारायच्या.

गेल्या महिन्यात त्यांचा आवाज फार बारीक झाला होता.

"एकदा येऊन जा, सुनंदा."

मी म्हटलं, ट्रेनिंग आहे ताई, संपलं की येते.

आज आले.

त्यांच्या मुलीला, प्रज्ञाला, बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, मी शाळेत होते तेव्हा. आई संध्याकाळी घरी आली आणि म्हणाली, रविवारी आता मला सुट्टी. नंतर कितीतरी रविवार ती सकाळी साडी नेसून तयार व्हायची, आणि परत बदलायची."

मग म्हणाली, "मला सांगितलंस, बरं झालं. पण तिच्या रविवारच्या पोरांनाही कळू दे."

म्हणून त्यांच्या घराच्या पायऱ्यांवर बसून हे लिहिलंय. आत बुद्धवंदना सुरू झालीय.

संध्याकाळी पाचला ताईंना घरून नेणार आहेत. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी या. माझ्या हाताखाली शिकलेल्यांनीही या. तेही त्यांचेच आहेत.

ताई, मला यायला उशीर झाला.

जड मनानं शेवटचा जयभीम.