कवळीवाल्याचा अंगठा

कवळ्या करणाऱ्या बाबांनी तीस वर्षांत एकदाही हातमोजा घातला नव्हता. "रबराला हिरडी कळत नाही," असं त्यांचं म्हणणं. कवळी बसवली की उघडा अंगठा गिऱ्हाइकाच्या तोंडात फिरवायचे आणि कुठे टोचतंय ते त्याच्याआधी सांगायचे. घरात मूल जन्मलं तरी पहिलं काम तेच. हिरडी चाचपायची आणि पसंतीची मान हलवायची.

रविवारी लेक एकवीस दिवसांच्या नातीला घेऊन येणार होती. मंगळवारी बाबांच्या अंगठ्याला झिणझिण्या आल्या, बुधवारी आग, गुरुवारी नखाशेजारी बारीक फोडांचा पुंजका.

"नखुर्डं आहे," बायको म्हणाली. "फोडा आणि मोकळे व्हा."

बाबांनी मेण कोरायची सुरी तापवून फोड फोडले. पू आलाच नाही. नितळ पाणी आलं आणि ठणका कोपरापर्यंत चढला. शुक्रवारी शेजारच्या बोटावरही दोन फोड उठले, तेव्हा ते डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"हे नखुर्डं नाही, विषाणू आहे. एवढ्यात कुणा गिऱ्हाइकाच्या ओठावर फोड होते?"

बाबांना चेहरे आठवत नसत, तोंडं आठवत. "होते. उजव्या कोपऱ्यात. खालची कवळी."

"आणि हे कापलं कुणी?"

"मीच."

"छान. म्हणजे दुसऱ्याला शिव्या द्यायची सोय नाही."

त्यांनी गोळ्या लिहिल्या. जखम झाकायची, पुन्हा फोडायची नाही, डोळ्याला हात लावायचा नाही. खपल्या गळेपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, काम बंद. हे परतही येतं. झिणझिण्या आल्या की लगेच दाखवायचं.

"परवा नात येतेय," बाबा म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "एवढ्याशा बाळाला हे लागलं तर जिवावर बेतू शकतं."

रविवारी लेकीने दारातच बाळ पुढे केलं. "घ्या बाबा, नवं गिऱ्हाईक."

बाबांनी हात पाठीमागे नेले.

"रुसलात की काय? यायला उशीर झाला म्हणून?"

"अंगठा बिघडलाय," ते म्हणाले आणि पट्टी दाखवून सगळं सांगितलं, सुरीसकट.

लेक बाळाला घेऊन दोन पावलं मागे सरकली. मग जरा विचार करून तिसरं.

बाबांना फार बरं वाटलं. "पोरगी शहाणी निघाली," ते बायकोला म्हणाले आणि खुर्ची उचलून खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.