वल्ह्याला लावलेला कान

वल्ह्याचं एक टोक पाण्यात आणि दुसरं कानाला, असे होडीच्या कडेवर वाकून बसलेले तांडेलकाका मला अजून दिसतात. आमचं यंत्र पाण्याखाली, तारेशिवाय, नुसत्या आवाजाच्या लहरींवर किती वेगानं माहिती पाठवतं हे तपासायला आम्ही त्यांच्या होडीतून खाडीच्या तोंडाशी गेलो होतो.

"काय काका, झोप लागली का?" मी हसत विचारलं.

त्यांनी वल्हं माझ्या कानाला लावलं. आमच्या यंत्राची चिरचिर तेवढी ऐकू आली.

"मघाशी ढोमा मासा बोलत व्हता," ते म्हणाले. "तुमचं सुरू झालं नि गप झाला."

माझं हसू ओठांवरच राहिलं. माशांचा आवाज मला नवा नव्हता. पडद्यावरच्या आलेखात तो रोज दिसायचा. आम्ही त्याला गोंगाट म्हणायचो आणि गाळून टाकायचो. लोकांच्या घरात शिरायचं, मोठमोठ्यानं बोलायचं, वर घरच्यांनाच गोंगाट म्हणायचं! मी बोलायला लागलो की कोण गप्प होतं, हे मी माझ्या घरात तरी कधी पाहिलंय?

यंत्र घटकाभर बंद करावंसं वाटलं. पण चाचणी उरकायची होती. केलं नाही. काकांनी वल्हं उचलून आत ठेवलं.

संध्याकाळी अहवालात मी लिहिलं, 'आज पाण्यात गोंगाट जवळजवळ नव्हता. परिस्थिती उत्तम.'