डावं मोठं, उजवं छोटं

ब्रेकबाईंना आयुष्यात पहिल्यांदा कुणी नापास केलं तेव्हा त्यांना एकसष्टावं लागलं होतं. आणि नापास कशात, तर गाडी चालवण्यात. पोहायला शिकवणाऱ्याने हौदात गटांगळ्या खाव्यात, तसलाच प्रकार. आपल्या गावात एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलेली बाई. डॉक्टरांपासून दूधवाल्यापर्यंत अर्ध्या गावाला तिने क्लच सोडायला शिकवलेलं. तिला परदेशातल्या एका परीक्षकाने बाविसाव्या मिनिटाला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि कागदावर फुली मारली.

ब्रेकबाई हे नाव गावाने ठेवलेलं. शिकवायच्या गाडीत डाव्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणारा भलतीकडे निघाला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. बाईंचा पाय त्या ब्रेकवर असा बसायचा की समोरचं कुत्रंही दचकायचं नाही. पण एखाद्यावर भरवसा बसला की त्या चपला काढायच्या आणि सरळ सीटवर मांडी घालायच्या. पाय ब्रेकपर्यंत पोचायचा प्रश्नच नाही. बाईंनी मांडी घातली म्हणजे लायसन्स मिळालंच, असं गाव धरून चालायचं.

यजमान गेल्यावरही चार वर्षं त्यांनी स्कूल रेटलं. मुलगा परदेशातून रोज फोनवर तेच दळण दळायचा. "आई, पुरे आता. ये इकडे कायमची." शेवटी बाई तीन महिन्यांसाठी आल्या. सुनेशी त्यांचं छान जमलं. घर उबदार, खिडकी मोठी, मुलगा डोळ्यांसमोर. एकटीने जेवायचा त्यांना खरंच कंटाळा आला होता, खोटं कशाला बोला.

फक्त एक गोष्ट त्यांना खुपत होती. तिथे भाजी आणायलाही गाडी लागायची, आणि गाडी काढायला मुलाचा शनिवार. दवाखाना, वाचनालय, साधी सुई हवी असली तरी उत्तर ठरलेलं. "शनिवारी नेतो ना." असे पाच शनिवार झाल्यावर बाईंनी जेवताना सांगून टाकलं.

"मला इथलं लायसन्स मिळालं तर राहते. नाही तर अठ्ठावीस तारखेचं तिकीट आहेच. सामानासारखी मी कुणाच्या डिकीत राहणार नाही."

"अगं, इथे सगळं उलटं आहे," मुलगा म्हणाला. "रस्त्याची बाजू उलटी, स्टिअरिंग उलटीकडे. मला वर्ष लागलं. या वयात हात वळत नाहीत, आई."

वय काढलेलं बाईंना अजिबात खपत नसे. त्या खाली गेल्या आणि मुलाच्या गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. उजवीकडच्या दोन्ही चाकांच्या रिम फुटपाथला घासून खरवडल्या होत्या. उजवा आरसा काळ्या टेपने बांधलेला होता. गाडी सतत उजवीकडे सरकवणाऱ्या माणसाचीच ही लक्षणं. बाई वर आल्या आणि ताटं आवरायला लागल्या.

मुलाला एक गोष्ट सुचलीच नव्हती. तिथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, आणि बाई एकतीस वर्षं डावीकडेच तर बसल्या होत्या. डावी रेघ किती हातांवर आहे, हे त्यांना न बघता कळायचं. शिकणाऱ्याचा गिअर चुकला की तो उजव्या हातानेच सरळ करायचा, तेही अंगवळणी पडलेलं. सून शेजारी बसली, बाईंनी पहिल्यांदा गाडी काढली आणि सरळ रस्त्यावर अशी नेली की सून म्हणाली, "आई, तुम्ही तर इथल्याच वाटता." बाई आतून खूश झाल्या.

घोडं पेंड खात होतं वळणावर. गावात त्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून घोकून घ्यायच्या, डावं वळण छोटं, उजवं मोठं. हजारो वेळा बोललेलं वाक्य. इथे नेमकं त्याच्या उलट. डावीकडे वळायचं तर जवळची लेन सोडून पलीकडच्या लेनमध्ये जायचं. समोर गाड्या असल्या की बाई त्यांच्या मागे मागे बरोबर जायच्या. रस्ता रिकामा दिसला की हात गावाला जायचे. परीक्षेच्या दिवशी तेच झालं. दुकानांच्या मोठ्या पार्किंगमधून बाहेर पडताना दोन्हीकडे चिटपाखरू नव्हतं. बाईंनी सुरेख, छोटं, डावं वळण घेतलं आणि गाडी चुकीच्या लेनमध्ये उभी केली.

"बघ, मी म्हटलं होतं ना," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज प्रेमळ होता, म्हणूनच बाईंना तो जास्त झोंबला.

त्या दिवशी त्या घाबरल्याही होत्या. समोरून कुणी आलं असतं तर? आंघोळीच्या वेळी नळ सोडून त्या दहा मिनिटं नुसत्या बसून राहिल्या. आणि मग त्यांना स्वतःचाच राग आला. असा विद्यार्थी आपल्याकडे आला असता तर आपण त्याला घरी पाठवला असता का? हातात झाकण दिलं असतं.

ही बाईंची जुनी पद्धत. ज्याचे हात ऐकत नाहीत, त्याने पातेल्याचं झाकण स्टिअरिंगसारखं धरायचं आणि पायी चालून वळणं घ्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बाई सुनेच्या सगळ्यात मोठ्या पातेल्याचं झाकण घेऊन त्याच पार्किंगमध्ये गेल्या. दुकानं उघडायला दोन तास होते. रंगवलेल्या बाणांवरून त्या चालल्या, झाकण फिरवलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "डावं मोठं, उजवं छोटं." जीभ पहिल्यांदा अडखळली. मग पुन्हा. असं रोज तासभर.

आठ दिवसांत ही गोष्ट कॉलनीभर झाली. झाडूवाला आधी थांबून बघायचा, नंतर बाजूला होऊन बाईंना रस्ता देऊ लागला. मुलाच्या ऑफिसातल्या कुणीतरी विचारलं, ती झाकणवाली बाई तुमच्या बिल्डिंगमधली का?

"आई, लोक हसतात," मुलगा म्हणाला.

"हसू देत. त्यांचे दात आहेत."

"माझी अब्रू जाते."

"तुझी अब्रू तुझ्या आरशावर टेपने चिकटवलेली आहे. आधी ती बघ."

सून ओट्याकडे तोंड करून हसत राहिली.

बावीस तारखेला दुसरी परीक्षा झाली. परीक्षक तोच, पार्किंग तेच, रस्ताही रिकामा. बाई ओठांतल्या ओठांत पुटपुटल्या आणि गाडी पलीकडच्या लेनमध्ये अलगद नेऊन ठेवली. परीक्षकाने कागदावर सही केली आणि हात पुढे केला.

घरी सुनेने मिठी मारली. मुलालाही आनंद झाला, नाही असं नाही. पण हातात लायसन्स धरून तो म्हणाला काय, "छान झालं. आता मी बाजूला असलो की तूही चालवत जा. एकटी मात्र नको."

बाईंनी लायसन्स त्याच्या हातातून काढून घेतलं. "मग अठ्ठावीसचं तिकीट राहू दे," त्या म्हणाल्या आणि कपाटावरची बॅग खाली काढायला लागल्या.

मुलाचा चेहरा पडला. सून त्याच्यावर उखडली. "सरकारने भरवसा ठेवला, तुम्हाला काय धाड भरली? एकदा बसून तरी बघा."

तो शेजारी बसला. पहिल्या चौकातच त्याचा उजवा पाय चटईवर दाबला गेला, नसलेल्या ब्रेकवर. दुसऱ्या चौकात पुन्हा. बाईंनी न बघता मोजलं. चौथ्यांदा पाय दाबल्यावर त्यांनी गाडी त्या पार्किंगमध्ये घेतली आणि बाहेर पडायच्या तोंडाशी उभी केली.

"इथे मी नापास झाले," त्या म्हणाल्या. "रस्ता रिकामा आहे. मला डावीकडे जायचंय. मांडी घाल."

"आई, काहीतरीच काय."

"मांडी घाल, नाही तर उतर आणि चालत घरी ये."

शेवटी मुलाने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. सहा फूट उंचीचा माणूस तो, गुडघे पुढे आपटले, पण पाय दुमडून बसला एकदाचा. बाईंनी दोन्हीकडे पाहिलं आणि मोठं, डावं वळण घेतलं.

घरासमोर गाडी थांबली तेव्हा तो म्हणाला, "मला शिकवताना तू कधीच मांडी घातली नाहीस."

"घातली असती," बाई म्हणाल्या. "तू गाडी सरकवायचास."

तो मोज्यांवरच खाली उतरला. चाक फुटपाथपासून बरोबर चार बोटं लांब होतं. त्याने ते पाहिलं, मग रिमवरचे स्वतःचे ओरखडे पाहिले.

"तिकीट रद्द करू ना?" त्याने हळूच विचारलं.

"कर. गावाकडची गाडी मात्र विकायची नाही." बाईंनी किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. "आणि उद्या सकाळी सहाला खाली ये. झाकण मी आणते."