मागे राहिलेले प्रस्थान

विसाजीपंतांइतका विरक्त पुरुष या पेठेत झाला नाही आणि पुढे होणार नाही, असे त्यांच्या तेराव्याला पुराणिकबुवा म्हणाले. पंगत बसली होती, तूप वाढले जात होते, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. मीही मान डोलावली. पण ज्याच्याबरोबर उभा जन्म प्रवास केला, त्याला विरक्त म्हणणे माझ्या जिवावर येते. विसू प्रवासात तांब्या बाळगत नसे, हे खरे. माझ्या सामानात तांब्या असे, हे बुवांना माहीत नव्हते.

त्याच्या जाण्याची बातमी माझा भाचा मोरू घेऊन आला. मी नुकता पूजेवरून उठत होतो. मोरू दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, विसूमामा गेले." मी विचारले, "कुठे?" ... यात माझी काही चूक नव्हती. विसू गेला, याचा अर्थ आमच्या घरात नेहमी एवढाच असे की तो जुन्नरला गेला किंवा सुप्याला गेला, आणि जाताना कोणाची तरी घोंगडी घेऊन गेला. मोरू उंबऱ्यावरच खाली बसला. मग समजले.

विसूचे घर आमच्या समोर, बोळाच्या पलीकडे. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हते. आम्ही दोघेही सरकारी दफ्तरात कारकून होतो. मी बसून काम करणारा आणि तो हिंडून. कुठे बागेची मोजणी तपासायची, कुठे पाटलाला समज द्यायची, कुठल्या सरदाराच्या छावणीत कागद पोचवायचा, असे काही निघाले की विसूला बोलावत. कारण इतरांना निरोप दिल्यावर त्यांचे सामान बांधून होईपर्यंत तो निरोप शिळा होत असे. विसू होता तसा उठे. अंगावर बंडी, डोक्याला पागोटे, खांद्यावर एक पंचा, कमरेला तपकिरीची डबी. लष्करात बिनसामानाची सडी स्वारी म्हणतात, तशातला प्रकार. मात्र लष्करातला सडा स्वार निदान घोडे तरी आपले नेतो.

एकदा आम्ही दोघे जेजुरीला निघालो. माझ्या तट्टावर वळकटी, घोंगडी, शिधा, पळी-पंचपात्र आणि पाणी प्यायला तांब्या. विसूने ते सगळे पाहिले आणि मला उपदेश केला. "बापू, सामान म्हणजे माणसाची भीती असते. पावसाची भीती घोंगडीत, भुकेची शिध्यात. तू तर आपली सगळी भीती तट्टावर लादून निघाला आहेस." मला ते पटले. फार खोल वाटले. त्या दिवशी दुपारी त्याने माझा शिधा खाल्ला, तो माझ्या तांब्याने पाणी प्यायला आणि माझ्या वळकटीवर डोके टेकून झोपला. मी म्हटले, "अरे, ही माझी भीती आहे." तो म्हणाला, "असू दे. मला भीती वाटत नाही तिची."

तर असा हा विरक्त पुरुष. आता त्याच्या हातून एकदा जे झाले ते सांगतो. त्याच्याविषयी बोलायचे तर तेच बोलायला हवे, आणि पुराणिकबुवांनी नेमके तेच वगळले.

माझी धाकटी बहीण द्वारका मुठेपलीकडे, पौड खोऱ्यातल्या एका गावी दिली होती. सासरे गावचे कुलकर्णी. घर खाऊनपिऊन सुखी, पण विहीणबाईंचा औषधापेक्षा अंगाऱ्यावर भरवसा. द्वारकेचे पहिले बाळंतपण तिथेच झाले, आणि बाळ राहिले नाही. सुईण बोलावली तोवर उशीर झाला होता. दुसऱ्यांदा दिवस गेल्याचे कळले तेव्हा माझी आई एकच वाक्य बोलली, "या खेपेला ती इथे आली पाहिजे." आठवा महिना लागला की गरोदर बाईला वाटेवर काढत नाहीत, म्हणजे जे करायचे ते सातव्यात. मुलीला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी अर्थात मी, तिचा सख्खा भाऊ. ही गोष्ट दोन दिवसांच्या वाटेची. उठावे आणि जावे.

पण आमचे वडील, आप्पा, एके काळी एका सरदाराच्या छावणीत कारकून होते. तिथून त्यांनी पैसा आणला नाही, पण लवाजम्याची हौस आणली. ते म्हणाले, "पुण्याचा मुऱ्हाळी हात हलवत गेला तर खोऱ्यातले लोक काय म्हणतील?" म्हणून मेणा ठरला, भोई ठरले. सासरच्या लहानथोर प्रत्येकाला आहेर. तांब्याचे घंगाळ. पापड, कुरडया, लोणच्याच्या बरण्या. वाटेत उतरायला राहुटी, स्वयंपाकाला आचारी आणि पुढे शिंग फुंकायला शिंगवाला. भटजींनी निघण्याचा मुहूर्त काढला तेव्हा यातले काहीच तयार नव्हते.

अशा वेळी आपल्याकडे सोय आहे. मुहूर्त तर साधायचा, पण माणूस तयार नाही, तर त्याने आपल्या जागी एक लहानसे गाठोडे घराबाहेर काढायचे आणि जायच्या दिशेला कोणा शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचे. याला प्रस्थान म्हणतात. गाठोडे निघाले की यजमान निघाला, असे धरतात. मग यजमान सवडीने मागून निघतो. ही सोय ज्या कोणी काढली त्याला पुण्याची चांगली माहिती असावी. आमचे प्रस्थान आप्पांनी आपल्या जरीकाठी उपरण्यात बांधले. आत एक पंचा, मूठभर तांदूळ, हळकुंड आणि सुपारी. पश्चिमेला घर विसूचे, म्हणून त्याच्याकडे नेऊन ठेवले. विसूने ते कोनाड्यात ठेवले आणि म्हणाला, "छान. एवढ्या सामानात मी काशी करून आलो असतो." आप्पांनी ऐकले नाही असे दाखवले.

मुहूर्त साधला, आणि आम्ही बसून राहिलो. भोई एका लग्नात गुंतले. गाडीचा आस मोडला. मग आप्पांच्या लक्षात आले की लोणचे मुरलेले नाही, आणि कच्चे लोणचे विहीणबाईंच्या पुढे ठेवणे म्हणजे घराण्याला बट्टा. आम्ही लोणचे मुरण्याची वाट पाहू लागलो. आई रोज दारात येऊन मेण्याकडे पाही आणि आत जाई. आठवा लागायला आठवडाही उरला नव्हता. एके दिवशी ती बोळ ओलांडून विसूकडे गेली. तिथे काय बोलणे झाले ते मला मागाहून कळले. फार काही झाले नव्हते.

आई म्हणाली, "विसू, ते गाठोडं तुझ्याकडेच आहे ना?"

"आहे की."

"शास्त्राने आम्ही निघालोय. हो ना?"

"केव्हाच."

"मग ते पोचायला नको का रे?"

विसूने कोनाड्यातून गाठोडे उचलले, काखेत मारले आणि दाराला कडी लावून निघून गेला. आईने आमच्यापैकी कोणाला एक अक्षर सांगितले नाही. त्या दिवशी ती जेवली मात्र नीट.

पुढचे द्वारकेने सांगितलेले. विसूही सांगत असे, पण त्याच्या सांगण्यात दर वेळी एक वाघ येई. दुसऱ्या दिवशी तो तिच्या सासरी पोचला तेव्हा व्याही ओसरीवर बसले होते. त्यांनी त्याच्या मागे पाहिले. मागे रस्ता होता, आणि रस्त्यावर कोणी नव्हते.

"मेणा कुठे आहे?" त्यांनी विचारले.

"येतोय मागून."

"आणि मुऱ्हाळी?"

"तेही मागून."

"मग आपण कोण?"

"मी प्रस्थान," विसू म्हणाला, आणि गाठोडे त्यांच्या पुढ्यात ठेवून बसला.

विहीणबाई दाराआड होत्या. त्या आतूनच म्हणाल्या, "प्रस्थानाच्या हाती सून देतात असं आम्ही कधी ऐकलं नाही बाई. आणि आठव्याला दिवस किती राहिलेत? राहू दे आता इथेच." द्वारका स्वयंपाकघरात होती. ती सांगे, "दादा, 'इथेच' म्हटलं आणि माझ्या हातातली परात खाली आली."

परातीचा आवाज विसूने ऐकला असावा. तो गंभीर झाला. तो गंभीर झाला की समोरच्याने सावध व्हावे, पण व्याह्यांना ते ठाऊक नव्हते. "आपली मर्जी," तो म्हणाला. "पण प्रस्थान एकदा सुटलं की रिकामं परत जात नाही. गेलं, तर ज्या दारातून परत गेलं त्या घराला ते लागतं."

"हे कुठल्या शास्त्रात आहे?"

"पुण्यात आहे."

व्याही जरा विचारात पडले. पुण्यात काय काय आहे याची खोऱ्यात कोणाला खात्री नव्हती. त्याच वेळी विसू जाता जाता म्हणावे तसा म्हणाला, "आता आपल्याकडे मेणा नसेल, तर तसं सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. थांबू आम्ही पुण्याच्या मेण्यासाठी."

"नसेल?" व्याही उठून उभे राहिले. ते देखील शेवटी आमचेच व्याही होते. तासाभरात मेणा अंगणात आला. लाल आलवानाच्या पडद्याचा, गोंडे लावलेला. आठ भोई. बरोबर एक जाणती बाई, दह्याचे मडके, तांदळाचे पोते, आणि "पुण्याच्या लोकांना पाहू दे" म्हणून पुढे चालायला दोन माणसे भाले घेऊन. जिला न्यायला एक गाठोडे आले होते, ती अशी निघाली. गाठोड्यातला पंचा विसूने व्याह्यांना आहेर म्हणून दिला, तांदूळ आणि हळकुंडाने द्वारकेची ओटी भरवली, सुपारी स्वतः खाल्ली. उपरणे तेवढे खांद्यावर टाकले, कारण त्यात बांधायला काही उरले नव्हते.

इकडे आमचे लोणचे एकदाचे मुरले, आणि आम्हीही निघालो. लवाजमा मोठा असल्यामुळे पहिल्याच दिवशी दमलो आणि कोथरूडला, आमराईत, तळ दिला. घराच्या गच्चीवरून दिसावे एवढ्या अंतरावर. राहुटी उभी राहिली. आचारी आणि भोई यांची भांडणे लागली. आप्पा लोडाला टेकून बसले होते. तेवढ्यात पश्चिमेकडून धूळ दिसली, भाले दिसले, मागे लाल मेणा. आप्पा लगबगीने उठले, पागोटे सारखे केले आणि आम्हाला म्हणाले, "गाडी बाजूला घ्या रे, कोणा बड्या घराण्यातली मंडळी दिसते." आणि रस्त्याच्या कडेला मुजऱ्याच्या तयारीने उभे राहिले.

मेणा थांबला. पडदा सरला.

"आप्पा," द्वारका म्हणाली, "तुम्ही इथं काय करताय?"

आप्पांनी मुजऱ्याला उचललेला हात पागोट्याकडे नेला. मेण्याच्या मागून विसू आला, पाय धुळीने माखलेले, खांद्यावर आप्पांचेच उपरणे. तो अदबीने म्हणाला, "प्रस्थान पोचवून आलो, आप्पा. आता आपण निघालात तरी हरकत नाही."

आप्पा एकदम शिंगवाल्यावर ओरडले, "बघतोस काय? फुंक!" आणि आम्ही परत फिरलो. पुढे शिंग, मग भाले, मग भरलेला मेणा, मागे आमचा रिकामा मेणा, आणि शेवटी लोणच्याच्या न उघडलेल्या बरण्यांची गाडी. मुठा ओलांडून पेठेत शिरलो तेव्हा लोक ओट्यांवर येऊन उभे राहिले. एवढी मोठी मिरवणूक आमच्या बोळात मी पुन्हा पाहिली नाही. दारात आई भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभी होती. तिने तो द्वारकेवरून ओवाळून टाकला, आणि मग दुसरा तुकडा आणायला लावून विसूवरूनही ओवाळला. तो म्हणाला, "काकू, टाकू नका, भूक लागलीये."

द्वारका आमच्या घरी सुखरूप बाळंत झाली. मोरू तो हाच. विसूला अग्नीही त्यानेच दिला. कोणी द्यायचा, असा प्रश्न भटजींनी विचारायच्या आत तो पुढे झाला होता.

विसूची आणि माझी शेवटची भेट तो जायच्या आधी काही दिवसांची. तो बोळ ओलांडून आला, हातात एक गाठोडे. "हसू नकोस," तो म्हणाला. "तुळजापूरला जायचं मनात आहे. मुहूर्त आजचा आहे, आणि पाय सुजलेत. तुझं घर पूर्वेला. राहू दे कोनाड्यात. सूज उतरली की निघतो." मी म्हटले, "विसू, तू आणि प्रस्थान?" तो म्हणाला, "म्हातारपण आलं, बापू. सामान वाढायचंच."

ते गाठोडे माझ्या माजघरातल्या कोनाड्यात तसेच राहिले. प्रस्थान फार दिवस ठेवत नाहीत, म्हणून भटजींना विचारले. यजमान मागे राहिला तर काय करायचे ते त्यांना पाठ होते. पण यजमान पुढे गेला आणि प्रस्थानच मागे राहिले, असे त्यांच्या पोथीत कुठे नव्हते. माझा मात्र ते ऐकून ऊर भरून आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने सामान बांधले होते, आणि वेळ आली तेव्हा तेही न घेता गेला. एवढी सडी स्वारी मी कोणाची पाहिली नाही... पुराणिकबुवांचे म्हणणे खरे तर नव्हे ना, असे मला त्या दिवशी वाटून गेले.

काल द्वारका आली. तिने गाठोडे खाली काढले आणि हात फिरवून म्हणाली, "दादा, हे आप्पांचं उपरणं." जर विरली होती, पण काठ तोच. मग तिने गाठ सोडली. आत एक पंचा होता, एक तांब्या होता आणि एक सुपारी होती. पंचा मोरूचा. तांब्या माझा, गेल्या शिमग्यापासून आम्ही शोधत होतो. सुपारी तेवढी विसूची स्वतःची असावी. फोडून पाहिली. किडकी निघाली.